माळ्यावरचा नाग आणि मावशीचा पाट

माझी आई आयुष्यात एकदाच दणदणीत खोटं बोलली, आणि तेही असं की माझे वडील दिवसभर खाटेवरून खाली उतरले नाहीत.

नव्वदीची वर्षं. माझं सासर रोह्याला, नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला, माहेर पेणला. आषाढ सरत आला होता. शेजाऱ्यांच्या फोनवर आईचा निरोप आला, "उद्या सकाळच्या गाडीनं निघून ये. कारण विचारू नको." मी विचारलंच. कोणी विचारू नको म्हटलं की माझं डोकंच फिरतं. तर म्हणाली, "इस्रायलवरनं मावशी येतेय. मी मेले."

मावशी म्हणजे सख्खी नव्हे, आईची बालमैत्रीण. आईचं माहेर खाडीकडच्या गावात. तिथं यहुद्यांची चार घरं होती. तेलाचा घाणा चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यातलं एक घर आईच्या घराला लागून. या दोघी एकाच पाटीवर अक्षरं गिरवून मोठ्या झाल्या. मग मावशीचं सगळं घर उठून इस्रायलला गेलं. सामान मोजकंच नेता येत होतं, म्हणून जाताना मावशीच्या वडिलांनी आपला जेवायला बसायचा पाट आईच्या हातात दिला. सागाचा, चांगला जाडजूड, आणि कडेला त्यांचं आडनाव कोरलेलं. "सांभाळ गो पोरी. न्यायला येतो," म्हणाले. ते काही आले नाहीत. आई लग्न होऊन पेणला आली ती पाट घेऊन.

आता घोळ कसा झाला तो ऐका. पेणची जुनी रीत अशी की शाडूचा गणपती हवा असेल तर घरचा पाट आधी कारखान्यात नेऊन द्यायचा. मूर्ती त्या पाटावरच बसवतात, आणि चतुर्थीला पाटासकट घरी आणायची. एका वर्षी आमच्या पाटाला वाळवी लागली. ऐन वेळी आईनं माळ्यावरचा मावशीच्या वडिलांचा पाट काढून दिला. एका वर्षापुरता हं! पण एकदा गणपतीखाली गेलेला पाट बदलायचा नाही असं घरात ठरलं, आणि मग तोच पाट दर वर्षी जायला लागला. कारखान्याचा मालक पाटाच्या कडेवरचं नाव वाचूनच गिऱ्हाइकाला हाक मारायचा. वडील सुरुवातीला भांडले, "अहो, आम्ही ते नव्हे!" मग दमले. अर्ध्या पेणदेखत आम्ही दर वर्षी एका यहुदी घराण्याच्या नावानं गणपती घेऊन यायचो.

इतकी वर्षं त्याचं कोणाला काही वाटलं नाही. आता मावशीचे वडील गेले होते, आणि मावशी फक्त एका दिवसासाठी पेणला येत होती ती त्यांचा पाट न्यायला. संध्याकाळी मुंबई, दुसऱ्या दिवशी विमान. आणि पाट कारखान्यात, वर गणपती.

"मग सांगून टाक ना तिला सरळ," पेणला पोचल्या पोचल्या मी म्हटलं.

"काय सांगू? तुझ्या बापाच्या पाटावर मूर्ती बसवली म्हणून? त्यांच्यात मूर्ती चालत नाय गो! तो माणूस शनवारी चुलीत काडी घालत नव्हता." आईच्या डोळ्यांत पाणी. "तिनं मला बहीण मानलीय. ती उठून गेली तर मी काय करू?"

म्हणून मी भर पावसात कारखान्यात गेले. मालक शांतपणे विडी ओढत बसले होते. म्हणाले, "ताई, कालच बसवलाय. या पावसात शाडू वाळतोय कुठं? आत्ता उचलला तर सोंड हातात येईल. जरा आवळू दे. संध्याकाळच्या आत बुडातनं तार फिरवून सोडवून बघतो. पण खात्री नाय देत."

म्हणजे संध्याकाळपर्यंत मावशीला गुंतवून ठेवायचं होतं. आमच्या घरी परत येते तो मावशी टॅक्सीतून उतरलेली. ठेंगणी, पायात पांढरे बूट, आईच्या गळ्यात पडून रडली. आणि मराठी तर काय! आमच्या तोंडात आता राहिली नाही अशी जुनी, गावची. चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "बाबांचा पाट खंय हाय गो? शेवटपर्यंत आठवण काढत होते. तिथं टेबलावर जेवायचे नि म्हणायचे, जेवल्यासारखं वाटत नाय."

"माळ्यावर हाय," आई म्हणाली.

मावशी उठली, पदर खोचला. खरंच, तिकडून येताना साडी नेसून आली होती. "शिडी दे. मी काढते."

आणि आई म्हणाली, "माळ्यावर नाग शिरलाय!"

मी आईकडे बघतच राहिले. वडील खाटेवर पेपर वाचत होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले. "कधी शिरला? मला कोण सांगत का नाय?" आई म्हणाली, सकाळी, नाग धरणाऱ्याला निरोप गेलाय, संध्याकाळी येईल. वडिलांनी हातात काठी घेतली. मावशी म्हणाली, "मग आपण घरात बसलोय कशाला गो?"

झालं. त्या पावसात आम्ही तिघी बाहेर.

पावसाळ्यात पेणमध्ये पाहुण्यांना छपराखाली दाखवण्यासारखी गोष्ट एकच, गणपतीचे कारखाने. ओळीनं शेकडो मूर्ती, एकाला सोंड आहे तर डोळे नाहीत, दुसऱ्याचा रंग ओला. लोक लांबून बघायला येतात. आणि नेमकं तेवढंच आम्हाला दाखवायचं नव्हतं! बाकी पेण म्हणजे आमचं रोजचं गाव, त्यात दाखवायचं काय, कपाळ?

आईनं सुरुवात केली पोह्यांच्या गिरणीपासून. आत इतका धडधडाट की बोललेलं ऐकू येईना. तीच आईची सोय. गरम पोहे ओंजळीत घेऊन मावशी खूश झाली, आणि आम्ही तिघी पोह्यांच्या भुकटीनं पांढऱ्याफटक होऊन बाहेर पडलो. गिरणीवाला दारापर्यंत आला आणि ओरडला, "पाहुण्यांना कारखाना दाखवलात का?"

"नंतर," आई म्हणाली.

मग एसटी स्टँड. तिथं दिवे लागणारा वजनकाटा होता. नाणं टाकलं की चाक फिरायचं आणि खटकन तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मावशीच्या तिकिटावर आलं, तुमची हरवलेली वस्तू सापडेल. आईनं ते हिसकावून घेतलं आणि म्हणाली, "हे मशीन खोटं बोलतं. गेल्या खेपेला मला म्हणालं पुत्रप्राप्ती होईल." मी हसू दाबलं खरं, पण आतून चिडचिड होत होती. पावसात बसून बसून माणसं कंटाळलेली, त्यात आम्ही स्टँडच्या बाकावर एका परदेशी पाहुणीला मुरुड गाडीची पाटी दाखवतोय! चौकशीच्या खिडकीतला माणूस बाहेर डोकावून म्हणाला, "कारखाना बघितलात का, आजी?"

"कसला कारखाना गो?" मावशी.

"रसायनाचा," आई म्हणाली. "वास येतो."

पुढे तर आईनं कहर केला. एका डॉक्टरच्या दवाखान्यात नव्यानं माशांची काचपेटी बसवली होती. गावात अप्रूप. आई आम्हाला तिथं घेऊन गेली. दवाखाना ताप-खोकल्यानं गच्च भरलेला, आणि आम्ही तिघी ठणठणीत माणसं मासे बघतोय. कंपाउंडरनं नंबर दिला. आईनं घेतला! मी म्हटलं, अगं नको. ती म्हणाली, नाय घेतला तर बसायला देणार नायत. आमचा नंबर आला, आणि मावशीचं ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टर म्हणाले, जरा वाढलंय, दगदग टाळा. आणि मग पट्टा सोडता सोडता, "कारखाना दाखवला की नाही यांना?"

मावशीनं आईकडे बघितलं. "सगळं गाव म्हणतंय कारखाना, कारखाना. तू का नेत नायस?"

"तुझ्या धर्मात बसत नाय."

"कोण म्हणतं? बघायला काय होतं? लहानपणी तुझ्या घरचा गणपती आणायला मी नव्हते का येत? माझे बाबा छत्री धरायचे वरनं, विसरलीस?"

आई विसरली नव्हती. तिचा चेहराच पडला. मला तिची दया आली आणि तिचं डोकंही फोडावंसं वाटलं. मी तिला बाजूला ओढून म्हटलं, आता बस्स, सांग! ती म्हणाली, "पाट हातात दिला की सांगते."

रिक्षा केली, आईनं घरचा पत्ता सांगितला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "पाहुण्या कुठल्या?" मावशी कौतुकानं म्हणाली, "मी हितलीच. आता इस्रायलला असते." रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक मारला. "इस्रायल! कारखाना बघितला?" मावशी म्हणाली, "नाय." "नाय? इस्रायलवरनं येऊन कारखाना नाय बघितला? पेणची अब्रू काय राहिली?" आई ओरडतेय घरी चल, घरी चल, आणि हा पठ्ठ्या उलटा वळला. वर म्हणतो, "पैसे नको, काकू. हे माझ्याकडनं." आणि पेणमध्ये इतके कारखाने असताना त्यानं रिक्षा नेमकी आमच्याच कारखान्याच्या दारात उभी केली, कारण मालक त्याचा मामेभाऊ.

आत शिरलो. ओट्यावर आमचा गणपती. दोन कारागिरांनी तो दोन्ही अंगांनी धरलेला, मालक गुडघ्यावर बसून मूर्तीच्या बुडाखाली तार घालतायत. आईला बघून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आलात? बरं झालं. तुमचा पाट आता निघतोच. सोंडेचं मात्र बघा, मी काय म्हटलं नव्हतं?"

आईनं खुणा केल्या. डोळे मोठे केले, मान हलवली, शेवटी हातच जोडले. मालकांना वाटलं गणपतीला नमस्कार करतेय. त्यांनीही केला.

मावशी पुढं झाली. खाली वाकली. पाटाच्या कडेवर ओल्या शाडूचे ओघळ आले होते, ते तिनं अंगठ्यानं पुसले. आपलं आडनाव वाचलं. छपरावर पाऊस वाजत होता.

"माळ्यावर नाग हाय ना गो?" ती म्हणाली.

आई तिथल्या तिथं मटकन बसली आणि हुंदके देत सगळं बोलून गेली, वाळवी, ऐन वेळ, एका वर्षापुरता, दर वर्षी. "मी चुकले. मी तुझ्या बापाच्या जागी मूर्ती बसवली. तोंड दाखवायला जागा नाय मला." मग पदरानं नाक पुसून मालकांना म्हणाली, "कापा. सोंड जाऊ दे. पाट तिचा हाय, तिला द्या."

मालकांनी तार ताणली.

"थांबा हो," मावशी म्हणाली. आईकडे वळली. आवाज कडक होता. "गणपती झाल्यावर हा पाट काय करता?"

"धुते. तेल लावून माळ्यावर ठेवते."

"वर्षभर कोण बसतं त्याच्यावर?"

"कोण बसेल? देवाचा पाट तो. पोरं जवळ गेली तरी मी धपाटा घालते."

"बाबापण कोणाला बसू देत नव्हते," मावशी म्हणाली, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि मूर्तीबरोबर पाट पाण्यात सोडता?"

"नाय गो! पाट कसा सोडू? मूर्ती जाते. पाट परत घरी येतो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

मावशीनं पाटावर हात ठेवला आणि मग ती रडली, अगदी मोठ्यानं, लहान मुलीसारखी. "बाबांना तेवढंच नाय जमलं," म्हणाली. "परत घरी यायचं."

कारागीर मूर्ती धरून अवघडले होते. मालकांना एव्हाना उलगडा झाला होता. ते मावशीकडे बघतच राहिले. "म्हणजे पाटावरच्या नावाच्या खऱ्या तुम्ही? मला वाटायचं ही माणसं." आमच्याकडे बोट. मग घाईघाईनं, जणू इतक्या वर्षांचा हिशेब द्यायचाय, "पण तुमच्या नावाचा गणपती एक वर्ष चुकला नाय हं, आजी. दर वर्षी मीच नाव पुकारतो."

"कसं पुकारता?"

"कसं म्हणजे? गर्दी असते, ओरडून."

"मारून दाखवा हाक."

मालक लाजले. मग तार खाली ठेवली, तोंडाशी दोन्ही हात धरले, आणि मावशीच्या वडिलांचं अख्खं आडनाव असं पुकारलं की रस्त्यावरची माणसं छत्र्या कलंडून आत बघायला लागली. एकदा. पुन्हा एकदा.

मावशी आपले पांढरे बूट चिखलात घट्ट रोवून ताठ उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

"हाय!" ती ओरडली. "आम्ही हितंच हाय!"