चावीसाठी नालीत

आमच्या भिलईच्या क्वार्टरपुढच्या नालीत मी एकदा भर उन्हात पाट टाकून बसले होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी शहाणपणाचं काही बोलले तर कोणी मनावर घेणार नाही.

नाली कोरडी होती. उन्हाळ्यात ती कोरडीच असायची. सेक्टर दोनमधल्या आमच्या ओळीत प्रत्येक फाटकापुढे अशी नाली, आणि गाडी आत घ्यायला आमच्या यजमानांनी तिच्यावर दोन लोखंडी पट्ट्या टाकलेल्या. चाकं पट्ट्यांवर उभी केली की मधल्या फटीतून नालीत उतरायचं. गाडीचं पोट बरोब्बर डोक्यावर येतं. हे प्लांटमध्ये इंजिनियर, त्यामुळे युक्त्या फार. गाडी एका रिटायर झालेल्या साहेबांकडून घेतलेली, दुधी रंगाची. तिचं ऑइल हे स्वतः बदलायचे. दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. माझा तर नाहीच.

मला गाडी चालवता येत होती बरं का. लग्नाआधी वर्ध्याला वडिलांच्या जीपवर शिकले होते, लायसनही होतं. ते भिलईत आल्यापासून शालूच्या घडीत झोपलं होतं. चावी मागितली की हे म्हणायचे, "नुसतं चालवता येणं म्हणजे गाडी येणं नाही. ऑइल बदलून दाखव, त्या दिवशी चावी तुझी." आणि चावी शर्टाच्या खिशात घालून सायकलवर ड्यूटीला निघून जायचे.

त्या चावीत सासूबाईंचाही जीव अडकला होता. त्यांची मोठी बहीण जामुलला, सिमेंटच्या कारखान्याजवळ राहायची. अंतर म्हणाल तर हाकेवर. पण बसमध्ये पाय ठेवला की सासूबाईंचं पोट ढवळायचं, आणि मुलगा दर रविवारी पुढचा रविवार सांगायचा. "जामुल काय लंकेत हाय का," त्या भाकरी थापता थापता विचारायच्या. मला नाही, तव्याला.

एका सकाळी हे पहिल्या पाळीला गेले. संध्याकाळी ऑइल बदलायचं म्हणून गाडी पट्ट्यांवर लावलेली, नव्या ऑइलचा डबा व्हरांड्यात. मी डब्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले येते का?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय आहे आई? मी पाहिलंय ना."

पाहिलं होतं हे खरं. व्हरांड्यात मेथी निवडता निवडता. त्या वयात मला वाटायचं की एकदा पाहिलेली गोष्ट आपल्याला येतेच. पोहणं, इस्त्री, नवरा सांभाळणं, सगळं मी असंच पाहून शिकले होते, आणि तिन्हींचे चटके खाल्ले होते.

जुनं ऑइल धरायला मी कुरडयांच्या चिकाची मोठी परात घेतली. सासूबाईंनी ती घेऊ दिली, कारण जुन्या काळ्या तेलावर त्यांची नजर होती. मागच्या दाराची चौकट उधईनं पोखरली होती, तिला ते फासायचं होतं.

मी पाट घेऊन नालीत उतरले, डोक्यावरच्या ऑइल-चेंबरच्या नटाला पाना लावला आणि विचार केला. इथेच चुकलं. मी बी.एस्सी. होते. आपण खालून पाहतोय, म्हणजे दिशा उलटी होणार, असा शोध लावून मी नट जीव खाऊन फिरवला. तो आणखी घट्ट बसला. मग खलबत्त्यातला बत्ता मागवला आणि पान्यावर हाणला. नट आणखीच घट्ट.

सासूबाई काठावर उकिडव्या बसून बघत होत्या. "काय करून राहिली वो? लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडते तसंच उघड ना."

"आई, हे सायन्स आहे."

"बरं बाप्पा. सायन्सनं उघड."

शेवटी बरणीसारखा उघडला. उघडला म्हणजे काय, नट सुटून परातीत पडला आणि मागोमाग काळ्या तेलाची धार माझ्या कोपरावरून ब्लाउजमध्ये. उन्हानं गाडी तापलेली, त्यामुळे धार कोमटच होती. न्हाणीघरात कोणी अंगाला तेल लावतंय असं वाटलं. मी खिदळायला लागले ते थांबेचना. वरून सासूबाईही पदर तोंडाला लावून हलत होत्या.

परात भरली. दोघींनी ती मिरवणुकीसारखी धरून मागच्या दाराशी नेली. सासूबाई कुंचा घेऊन चौकटीला भिडल्या. मी पुढे येऊन स्टोव्हच्या मातीच्या तेलाचं नरसाळं पुसलं, बॉनेट उघडलं आणि नवं ऑइल ओतायला लागले. काय सुंदर दिसत होतं. मधासारखं. मनात मी जामुलच्या रस्त्याला लागले होते, खुर्सीपारच्या गर्दीत हॉर्न वाजवत होते.

तेवढ्यात मेंदीच्या कुंपणापलीकडून शेजारच्या भाभींचा आवाज आला. "भाभीजी, आपकी नाली में शहद बह रहा है क्या?"

मी वाकून पाहिलं. माझा मध नालीतून निघून भाभींच्या फाटकाकडे चालला होता.

नट परातीत. परात मागच्या दारी. भोक उघडं. मी नालीत उडी मारली आणि भोकात अंगठा घातला. धार थांबली. पण आता मीही थांबले होते, हलता येईना.

"आई, परातीतला नट आणा."

मागून बराच वेळ नुसते खळबळण्याचे आवाज. मग सासूबाई आल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. "काही सापडत नाही वो. काजळात काजळ. तू जाऊन पाह्य, मी बसते इथं."

त्या काडीसारख्या बारीक. नऊवारीचा काष्टा आवळून नालीत उतरल्या, पाटावर जेवायला बसावं तशा मांडी घालून बसल्या आणि माझा अंगठा निघताच आपला लावला. मी मागे पळाले. परातीत हात फिरवला तर आधी माझी हेअरपिन सापडली, मग सासूबाईंच्या फुटक्या बांगडीचा तुकडा, आणि शेवटी नट. तेव्हाच पाळी सुटल्याचा प्लांटचा भोंगा वाजला. मी उरलेल्या तेलात हात धुतले, साबण समजून. घाबरल्यावर डोकं असंच चालतं. मग ओल्या गोणपाटाला पुसले. त्यानं काळं आणखी वर चढलं.

पुढे आले तर सायकल फाटकाशी उभी. हे वाकून नालीत बघत होते.

"आई, तू नालीत काय करून राहिली?"

"बसली."

"कावून?"

"उठली तर ऑइल जाते."

यांनी मान वर केली. मी कोपरापर्यंत काळी, हातात नट, प्रसाद आणावा तसा धरलेला. यांनी पान्यासाठी हात पुढे केला. गाडीखालून आवाज आला, "तू हात नको लावू. तिनंच लावला पाहिजे. नाही तर उद्या म्हणशील, मी केलं."

"आई, याला ऑइल बदलणं म्हणतात?"

"जुनं निघालं ना?"

"निघालं."

"नवं टाकलं ना?"

"अर्धं भाभींकडे गेलं."

"टाकलं का नाही ते सांग."

मी नट लावला. सासूबाईंचा अंगठा आणि नट यांची अदलाबदल होताना दोघींच्या बाह्या भिजल्या, पण या वेळी मी सायन्स वापरलं नाही, बरणीच आठवली. कमी पडलेलं ऑइल आणायला हे त्याच उन्हात परत सायकलवर बाजारात गेले. "थोडं जास्तीचं आणजो," सासूबाई मागून म्हणाल्या, "तिचा हात बसेतोवर." यांच्या पाठीवरून कळत होतं की हसताहेत; सायकल नागमोडी चालली होती.

आल्यावर मी ओतलं. यांनी ऑइल मापायची कांडी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. खूण बरोबर होती. तरी तिसऱ्यांदा पाहिली. मग खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर वरूनच टाकली, शिवाशिव होऊ नये तशी.

रविवारी जामुल. मी चालवत होते, शेजारी सासूबाई, आणि हे आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत मागे बसलेले. प्रत्येक वळणाला मागून "हळू, हळू" ऐकू यायचं. सासूबाईंचं पोट अजिबात ढवळलं नाही. यांचं ढवळलं असावं.

मावशी दारात आल्या. गाडी पाहिली, मला स्टेअरिंगमागे पाहिलं, आणि बहिणीला विचारलं, "हिनं आणलं तुले?"

राखेनं आणि लिंबानं घासूनही न गेलेला काळा अंगठा सासूबाईंनी वर केला.

"चालवली हिनं," त्या म्हणाल्या. "आणली मी."