चोपडीतली गाणी आणि माझ्या चाली

माझी सगळ्यात आवडती सिनेमाची गाणी मी सिनेमा न बघता शिकले, आणि खरं सांगायचं तर न ऐकताही शिकले. कोणाला हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. बघोत बापडे. आमचं गाव वलगावाच्या पुढे, आत, जिथे पन्नाशीचं दशक संपत आलं तरी रेडिओ पोचला नव्हता. सिनेमा अमरावतीत. पण सिनेमाची गाणी मात्र आमच्या घरात दरवर्षी येत, कापसाच्या गाड्यांबरोबर.

बाबा कापूस घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचे. गाड्यांची रांग लांबलचक, नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची. तेवढ्यात बाबा थिएटरच्या दारापर्यंत चक्कर मारून यायचे. आत कधी गेले नाहीत, बैल सोडून तीन तास अंधारात बसणं त्यांना पटत नसे. पण दाराबाहेर गाण्यांच्या चोपड्या विकायला असत. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, वर नटीचं शाई फुटलेलं चित्र, आत सिनेमाची अर्धवट गोष्ट आणि सगळी गाणी. गोष्टीच्या शेवटी नेमकं छापलेलं असे की पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा. आम्हा दोघी बहिणींसाठी बाबा खाऊऐवजी ती चोपडी आणायचे.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आवाज तिचा. नुसती गोठ्यातल्या वासराला हाक मारायची तरी शेजारची म्हातारी म्हणायची, "काय गळा देल्ला वं देवानं पोट्टीले!" माझा आवाज फुटक्या डब्याचा. पण डोकं माझं चालायचं, म्हणून चाली लावायचं खातं माझ्याकडे होतं.

चोपडीत शब्द असतात, चाल नसते. मग चाल आणायची कुठून? आमच्याकडे होत्या त्याच. आधी गाणं भुलाबाईच्या टाळीवर बसवून बघायचं. भुलाबाईची गाणी आम्ही मुली भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत रोज म्हणायचो, त्यामुळे ती चाल तोंडात घोळलेली. ओळ लांब असली तर आरतीची चाल. आणि उर्दू शब्दांनी ओळ फारच फुगली तर जात्यावरची, कारण जात्यावरची चाल रबरासारखी कशीही ताणता येते. शिवाय चोपडीत एक भानगड होती. धृपद पुन्हा आलं की पहिले दोन शब्द छापून पुढे टिंबं टिंबं दिलेली असत. ती कागद वाचवायला असतात हे आम्हाला काय ठाऊक! मी ठरवलं की टिंबं म्हणजे गाणारीने थांबायचं. एका टिंबाला एक श्वास.

गावातल्या पोरींनी एकदा विचारलंच, "हे चाल खरी कायवरून?" मी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "मी अमरावतीले थेटराबाहेर सोता ऐकली." कान दुखत होता म्हणून बाबा मला एकदा डॉक्टरकडे घेऊन गेले होते, एवढं खरं. गाडी थिएटरावरून गेली तेव्हा मात्र मी आत कापसावर गाढ झोपलेली होते. पण त्या एका थापेवर मी दोन वर्षं गावातली सिनेमाची जाणकार म्हणून मिरवले. चाली मी बसवते हे ताईला ठाऊक होतं, पण त्या थेटराबाहेर ऐकलेल्या गाण्यांवरूनच बसवते असं तीसुद्धा मानायची. तिला खोटं सांगताना थोडं टोचायचं, पण मान मिळत असला की टोचणं लवकर बोथट होतं.

त्यातलं एक गाणं ताईचं फार लाडकं; त्या चोपडीचं गोष्टीचं पान मात्र आधीच फाटून गेलेलं. वाट, सोबती, पुढचं गाव, अशा अर्थाचे त्यातले हिंदी शब्द. मी त्याला आमच्या गावातल्या बाया पोरगी सासरी निघताना म्हणतात ती चाल लावली होती. ताई ते गायची तेव्हा मायचा हात पोळपाटावर थांबायचा.

त्या साली कोजागिरीनंतर ताईला बघायला अमरावतीचे पाहुणे आले. मुलगा कचेरीत कारकून, मोजकं बोलणारा. वडील एकदम कडक, मिशी बघूनच पोरांनी रांगेत उभं राहावं असे. त्यांनी चहा यायच्या आधीच सिनेमावर तोंडसुख घेऊन टाकलं, की शहरातली अर्धी पोरं त्यापायी वाया गेली, आपलं पोरगं मात्र त्या वाटेला जात नाही. मुलाची आई बसायला लागली तेव्हा मुलाने उठून स्वतः सतरंजीची घडी सरळ केली. ते ताईने दाराआडून पाहिलं आणि मला चिमटा काढला. तो चिमटा कशाचा हे कळण्याइतकी मी मोठी होते. ताईला मुलगा आवडला होता.

नाव विचारून झालं, भाकरी येते का विचारून झालं. मग मुलाची आई म्हणाली, "गानं येते का वं माय तुले?" ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तेच गाणं लावलं.

ओसरीवरचे सगळे सावरून बसले. कडक वडिलांना ते हिंदी भजन वाटलं, त्यांनी डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरला. मुलाच्या आईने आपली धाकटी लेक नुकतीच सासरी धाडली होती. त्या चालीने तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. धृपद आलं की ताई दोन शब्द म्हणून थांबायची, मनात टिंबं मोजायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं पोरीचा गळा दाटून आला. की मुलाची आई आणखी एक हुंदका द्यायची.

आणि मुलगा? आधी तो खाली मान घालून बसला होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिसऱ्या थांब्याला त्याच्या तोंडातले पोहे बाहेर आले आणि तो खो खो हसला. नुसता खो खो नाही, गदागदा हसला. रुमाल तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना.

"काहून हासून राहिला रे?" वडील गरजले.

त्याने नुसती मान हलवली. सांगेना काही. ताई गाणं अर्धवट टाकून उठली आणि आत गेली ती चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून बसली.

चार दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे. बाबांनी तो ताईला सांगितला. ती म्हणाली, "त्याच्या मायच्या डोयात पानी होतं अन् हा दात काढत होता. अशा मानसाच्या घरी मी नाई जात." बाबांनाही ते हसणं लागलंच होतं. त्यांनी कळवलं, सध्या घाई नाही.

ताईने गाणं सोडलं. चोपड्या उचलून तिने तुरीच्या कोठीमागे टाकल्या. मी विचारलं की म्हणायची, "मले गाता येत नाई. लोकं हासतात." वासराला हाकसुद्धा हळू मारायची. मला मात्र तिचा तो चिमटा आठवायचा आणि त्या कारकुनाचा असा राग यायचा की विचारू नका.

दिवाळीत मी अकोल्याला मामाकडे गेले. मामा जिनिंग कारखान्यात होता, आणि मामीच्या शेजारणीकडे रेडिओ होता, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला, देव्हाऱ्याच्या वर. दुपारी फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. कुठल्या कुठल्या गावच्या लोकांची नावं वाचायचे, एकेका गाण्याला दहा दहा. गाण्यापेक्षा मला त्या नावांचंच जास्त नवल. आम्ही बाया दिव्यांच्या वाती वळत बसलो होतो. एक गाणं सुरू झालं. आधी घंट्या, टणटण टणटण. मग शिट्ट्या. मग चार पुरुष एकदम, घोडं उधळावं तसे. आणि शब्द... शब्द ओळखीचे! वाट, सोबती, पुढचं गाव.

माझ्या हातातली वात पडली. मी शेजारणीला विचारलं, "काकू, हे गानं रडाचं आहे ना वं?"

"रडाचं? बाप्पा!" ती म्हणाली. "चार दोस्त सायकली घेऊन सहलीले जातात. मधातला लठ्ठ्या नालीत पडते. अख्खं थेटर हासते."

आणि धृपद! ते कुठे थांबतच नव्हतं. पूर्ण ओळ, पुन्हा पूर्ण ओळ, वर घंट्या. वाती बाजूला सारून मी तिथेच फतकल मारली. तो कारकून ताईला हसला नव्हता. तो माझ्या चालीला हसला होता. त्याच्या डोळ्यासमोर नालीत पडलेला लठ्ठ्या, आणि समोर त्याची आई पदराने डोळे पुसते आहे. त्याच्या जागी मी असते तर मलाही हसू आवरलं नसतं. आणि बापासमोर तो सांगणार तरी काय, की मी हा सिनेमा पाहिलाय म्हणून?

आता सांगायचं तर माझी थाप सांगावी लागणार होती. अकोल्याहून परत येताना पूर्ण वाटभर मी दुसरा काही उपाय सापडतो का ते शोधत होते. नाही सापडला.

घरी आले तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. दुसऱ्या दिवशी ताईच्या शेजारची कपाशीची ओळ मी धरली. कमरेची ओटी अर्धी भरेपर्यंत धीर गोळा केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. थेटर, झोप, थाप, रेडिओ, लठ्ठ्या.

ताईने ओटीतला कापूस मूठमूठ काढून माझ्या अंगावर फेकायला सुरुवात केली. दगड नव्हते म्हणून वाचले. "दोन वर्सं! दोन वर्सं मले चुकीचं शिकवलं तुनं! भल्ली खोटारडी आहेस!" मी तशीच उभी राहिले. केसांत कापूस, तोंडात कापूस. मी म्हणाले, "मार मले. पन त्या मानसानं तुले नाई हासलं, ताई."

ती थांबली. हातातला कापूस तिने परत ओटीत टाकला. मग म्हणाली, "खरी चाल कशी आहे?"

मी माझ्या फुटक्या आवाजात म्हणून दाखवली, घंट्यांसकट. तिने एकदा ऐकली, आणि दुसऱ्यांदा स्वतः उचलली. महिनाभर दाबून ठेवलेला तिचा आवाज पुन्हा शेतात फिरला. बाकीच्या बायांनी माना वर केल्या. त्या चालीवर हात भराभर चालायला लागले आणि दुपारपर्यंत आमची पट्टी सगळ्यांत पुढे गेली. ताई मध्येच कमरेवर हात ठेवून हसत सुटली. "अन् त्याची माय रडून राहिली होती वं!" म्हणाली आणि पुन्हा हसली. मला इतकं बरं वाटलं की मीच रडायला लागले.

"आता बाबाले तूच सांग," ती म्हणाली.

बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या टाळक्यात एक टपली मारली आणि पुढच्या खेपेला कापूस घेऊन गेले तेव्हा कचेरीच्या दाराशी त्या मुलाला गाठलं. तो आधी घाबरला. बाबांनी विचारलं, "तुमी तो सायकलीचा सिनेमा पाह्यला काय?" मुलाने मागेपुढे बघितलं. "सहा खेपा पाह्यला, काका. पन आमच्या बाबाले सांगू नका." मग म्हणाला, "तुमच्या पोरीचा आवाज मले लय आवडला होता. हासू आलं ते दाबता नाई आलं. त्या दिवसापासून मले झोप नाई."

बाबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ताई उठली, तुरीच्या कोठीमागे गेली, चोपड्या झटकून कोनाड्यात ठेवल्या. मायने बाबांकडे पाहिलं, बाबांनी दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला.

वैशाखात लग्न झालं. बँड अमरावतीचा होता. सासरी निघायच्या वेळी बँडवाल्यांनी काहीतरी उदास वाजवावं अशी रीत, बाया पदर सावरून तयारच होत्या. पण नवरदेव बँडमास्तरच्या कानात काहीतरी पुटपुटला, आणि एकदम टणटण टणटण! तेच सायकलीचं गाणं, जोरात, ढोलासकट. कडक सासऱ्याला काय कळणार, तो आपला मिशी हलवत ताल धरून उभा. ताईने बैलांच्या दमणीत बसता बसता ते ऐकलं आणि तिला हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला तरी खांदे हलतच होते. म्हाताऱ्या एकमेकींना ढोसायला लागल्या, "पोरगी सासरी चालली अन् हासून राहिली, पाह्यलं का?" नवरा खाली बघत होता, पण कान लाल झाले होते. असं हसत सासरी गेलेली मुलगी आमच्या गावाने त्याआधी पाहिली नव्हती.

मीही हसत होते. माझंच तर काम होतं सगळं. दिवाळीपासून मी दुसरा विचारच केला नव्हता, हे लग्न व्हावं, एवढाच. मग बैल उठले, दमणी हलली, ताईचा हात पदराबाहेर आला आणि मला पहिल्यांदा कळलं की ती जाते आहे. मी भोकाड पसरलं. बँड वाजतोय, लोक हसताहेत आणि मी एकटी नाकाडोळ्यांतून वाहतेय.

मायने मला जवळ ओढलं. "तूनच तं जुळवलं ना वं हे? मंग काहून रडून राहिली आता?"

मी म्हणाले, "मंग मी आता चाल कोनाले शिकवू?"

 मायने पदराने माझं नाक पुसलं, मग त्याच पदराने स्वतःचे डोळे पुसले, आणि दमणी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.