उपग्रहाला कळलं, अक्काला नाही

अक्का माझी थोरली बहीण. चाळीसगावजवळच्या तिच्या गावात नाल्याकाठी तिची पिठाची गिरणी होती, ती गेल्या पावसाळ्यात ढगफुटीत वाहून गेली. नवी गिरणी आली, पण बसवायची कुठे? खाली गिऱ्हाईक आहे, वर टेकाडावर पुराचं पाणी पोचत नाही. धुळ्यातल्या एका कॉलेजात उपग्रहाच्या सिग्नलवरून मोठा पाऊस आधी ओळखता येतो, असं वाचलं. आधी सूचना मिळणार असेल तर अक्का खालीच राहील म्हणून मी निघालो.

जळगावहून धुळ्याला एसटीने जा, एरंडोल-पारोळामार्गे. रुमाल जवळ ठेवा, धूळ फुकट मिळते. धुळ्यात स्टँडबाहेरची शेवभाजी स्वस्त आणि जहाल. रिक्षा शेअरचीच घ्या, पाहुणा दिसला की भाडं दुप्पट.

कॉलेजच्या गच्चीवर उलट्या पातेल्याएवढी अँटेना. तिथल्या सरांनी समजावलं, की हवेत बाष्प वाढलं की उपग्रहाचा सिग्नल किंचित उशिरा पोचतो. उशीर झपाट्याने वाढला तर मोठ्या पावसाची शक्यता. मी अक्काच्या ढगफुटीचा दिवस सांगितला. त्यांनी आलेख काढला. पावसाच्या कितीतरी आधीपासून रेघ चढत होती.

"मग कुणाला सांगितलंत?"

"अहो, आमचं काम जमीन मोजणीचं. हा उशीर म्हणजे आमच्या मोजणीतली चूक. मोजायची आणि वजा करायची. नोंदींची फाइलही महिन्याने उघडतो."

"आणि आता?"

"एका अँटेनावरून नेमकं गाव सांगता येत नाही. सावध करता येईल, पण रोज बघायला माणूस कुठंय?"

चूक! ज्या पाण्याने माझ्या बहिणीचं पोट मारलं, ते यांच्या लेखी वजा करायची चूक. एवढा संताप आला, की त्यांचा चहा तसाच ठेवून उठलो.

धुळ्याहून चाळीसगावला रेल्वे आहे, पण वेळा विचारून जा. माझी चुकली, बसने गेलो. अक्काने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा वाढला, सगळं ऐकून घेतलं.

"यंत्रले समजेल व्हतं ना? मंग माले कोनी का नही सांगं?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"पुढला टाइमले तरी फोन येई का, भाऊ?"

"नाही, अक्का."

"मंग गिरणी वरच बसाडसू."

पाचोऱ्यावरून रेल्वेने जळगावला परतलो. प्रवास सोपा आहे, दोन दिवस पुरतात. धुळ्याची शेवभाजी अजून आठवते आणि तो आलेखही. त्याचा राग काही उतरत नाही.

गिरणी टेकाडावर बसली. परवा अक्काला फोन केला. मागे गिरणीचा आवाज नव्हता.

"लाइट नाही का गं?"

"लाइट शे, भाऊ. गिऱ्हाईक नही."