मालूम हाय

पंजाबराव पोलिसात होते आणि त्यांचं काम गुप्त होतं, हे सोनाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाण्यात त्यांच्याकडे ‘गोपनीय’ होतं. कुठं मोर्चा निघणार, कोणत्या पुढाऱ्याच्या मनात काय शिजतंय, हे आधीच हुडकून साहेबांच्या कानावर घालायचं. त्यासाठी ते साध्या वेशात फिरत. साधा वेश दिसला की हॉटेलवाला आत सांगे, “गोपनीय आले. एक कट चाय.”

खरं सांगायचं तर या माणसाला कधी काही हुडकावंच लागलं नाही. त्यांचं हत्यार दोन शब्दांचं. समोरचा बोलू लागला की पापणी न हलवता म्हणायचं, “मालूम हाय.” कोणी तरी चुगली केली, असं धरून तो आपली बाजू मांडायच्या नादात उरलेलं सगळं ओकून टाकी. उपसरपंच काय नि आमदारकीचे इच्छुक काय, लोकांच्या मतांवर जगणारी माणसं पंजाबरावांपुढे घाम पुसत. पंजाबरावांना मात्र कोणी निवडून दिलं नव्हतं. राज्य लोकांचं आहे म्हणतात. असेल.

एका संध्याकाळी ते ओसरीवर बूट काढत होते. लेक जयमाला पुढ्यात आली.

“बाबा, ते धम्मरत्नचं...”

“मालूम हाय,” पंजाबराव म्हणाले. जिभेला वळणच तसं.

जयमाला तिथंच पायरीवर बसली. “अन् तरी तुमी रागावले नाई? मी उगाच भेत होती. लग्नाची नोटीस म्हयनाभर बुलढाण्याले हापिसाच्या फळ्यावर हाय. सोमवारी सह्या.”

उघड्यावर लावलेलं पंजाबराव कधी वाचत नसत.

धम्मरत्न संग्रामपूरकडचा कृषी सहायक. नाकासमोर चालणारा, पण जातीबाहेरचा. एरवी पंजाबरावांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण आता नाही म्हणायचं, तर आधी ‘मले मालूम नव्हतं’ म्हणावं लागणार. आणि ते एकदा ओसरीवरून निघालं की चौकातून थेट ठाण्यात. ज्याला घरातलं कळत नाही, त्याच्यापुढे उपसरपंच कशाला घाम गाळील? लेकीचं लग्न मोडावं, तर जन्माचा धाक जात होता.

“किती वाजता हाय?” त्यांनी विचारलं.

“मालूम असून इचारता?”

“तुया तोंडून आयकाचं होतं.”

सोमवारी त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. लेकीचा चेहरा पाहून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला. नंतर ठाण्यात साहेबांनी विचारलं, “तुम्हाला आधीच माहीत होतं?” “म्हयन्याभरापासून, साहेब.” स्वतःच्या घरातलंही पोटात ठेवणारा माणूस म्हणून गावात दरारा दुप्पट झाला.

घरी परतल्यावर बायको गीताबाईंनी चहा पुढे ठेवला.

“तुमाले काईच मालूम नव्हतं.”

पंजाबराव बुटाची नाडी सोडू लागले.

“मीच तिले सांगतलं होतं,” कपात साखर हलवत गीताबाई म्हणाल्या. “नुसतं नाव घेजो अन् थांबजो. पुढचं ते सोताच म्हणतीन.”