डावीकडचा तबला
सुप्याच्या कारखान्यात मी बावीस वर्षं प्रेस मशीनवर काढली. कानात घालायला इअरप्लग मिळायचे. ते मी शहाणा खिशात ठेवायचो. निवृत्तीनंतरचं माझं सगळं सुख म्हणजे जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. आवडत्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारा उजवीकडे, तबला डावीकडे. यंदा तो तबला पुसट होत गेला. डावा कान गेला, हे मी मनाशी पक्कं केलं. बायकोला सांगितलं असतं तर तिने नगरला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि त्यांनी खरं ते सांगितलं असतं. म्हणून दोन महिने गप्प बसलो. हळूहळू माणसांचं बोलणंही डावीकडून कमी येतंय असं वाटायला लागलं.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पूजतात. घरात माझं अवजार म्हणजे हा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर, म्हणून आदल्या दिवशी साफ करायला घेतलं. प्लग काढला, स्पीकरच्या वायरी सोडवल्या. डाव्या वायरीचं तांबं हिरवंगार, स्क्रूवरही तोच थर. मग आठवलं. गेल्या वर्षी बायको देवाची भांडी चिंचेने घासत होती, तेव्हा मीही चिमूटभर चिंच घेऊन ही वायर लखलखीत केली होती. धुतली नाही, पुसली नाही, तशीच कोंबली. उजवी घासायच्या आत पाहुणे आले, म्हणून ती वाचली. माझ्या अकलेचा मला रागही आला आणि हसूही.

हिरवं टोक कापलं, नवं तांबं सोललं आणि पुन्हा हवा लागू नये म्हणून त्यावर कल्हईसारखं कथिल चढवलं. स्क्रू बारीक पॉलिश पेपरने घासले, अल्कोहोलने पुसले, वाळू दिले. मग गाणं लावलं. तबला डावीकडे, जागच्या जागी. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

बायको आतून आली. म्हटलं, "माझा कान शाबूत हाय. वायर खराब हुती."

"तुमी सारखा उजवा कान म्होरं करताय, मला वाटलं डावा कानच गेला," ती म्हणाली. "म्हनून दोन म्हैने तुमच्या उजवीकडं बसून जेवतीय मी."

मला पत्ताच नव्हता. दुपारी तिने आपलं ताट माझ्या डावीकडे मांडलं आणि मान खाली घालून अगदी हळू विचारलं, "भाकरी वाढू का?"

"अर्धी," मी म्हणालो.