सातव्या नळीतलं रक्त

आज जुम्मा. नमाज झाली, भात चुलीवर आहे, तेवढ्यात वारियो भावजींचं लिहून ठेवते. विहिरीवर बायका त्यांच्याविषयी काहीबाही बोलतात, म्हणून.

भावजी माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ताना नदीच्या या काठावर बुळकांडीवर, गुरांच्या त्या जीवघेण्या साथीवर, नजर ठेवायचं काम अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. बुळकांडी गेली, तीन वर्षांपूर्वी लसही बंद झाली. पण ती गेली हे नुसतं म्हणून चालत नाही. कुणाच्या गुराचे डोळे वाहतात का, तोंडात फोड आहेत का, ढाळतंय का, हे भावजी कळपाकळपात विचारत फिरायचे. शिवाय लस थांबल्यावर जन्मलेल्या जनावरांचं रक्त काढून गुरांच्या डॉक्टरांना, मुतुआंना, द्यायचे. त्या रक्तात बुळकांडीची खूण दिसता कामा नये.

गेल्या महिन्यात सातव्या नळीत ती दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, "उलगडा होईपर्यंत एकही जनावर हलवायचं नाही." इथलं गवत संपलेलं, आणि दोन दिवसांत सगळ्या गावाचे कळप नदीच्या मुखाकडच्या कुरणाला निघायचे होते.

संध्याकाळी भावजी आमच्याकडे आले. चहा निवून गेला तरी पेल्याला हात लावेनात.

"धादो," ते मला म्हणाले, "सातव्या नळीतलं रक्त आमच्या कालवडीचं नाही. काळ्या पाठीच्या म्हाताऱ्या गाईचं आहे."

ती कालवड भावजींच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांना, अल्गींना, द्यायची होती. आमच्या घराण्यात अशा बोललेल्या कालवडीच्या अंगाला पोचवेपर्यंत पातं किंवा सुई लागू देत नाहीत. म्हणून त्यांनी म्हातारीच्या मानेत सुई घातली आणि कागदावर कालवड लिहिली. म्हातारीला जुन्या दिवसांत लस टोचलेली; लसीनंही रक्तात तशीच खूण राहते, तीच निघाली.

"मला वाटलं, रक्त काय, सगळ्यांचं लालच."

"मग डॉक्टरांना सांगा की."

"नळ्या-सुयांची पेटी, म्हणजे कामच, काढून घेतील."

"आणि गुरं इथं उपाशी मरतील, ती?"

"तू नमाज पढ. हे माझं मी बघतो."

"पढते, म्हणूनच बोलतेय, भावजी."

माझा नवरा हसत म्हणाला, "दादा, हिच्या नादी लागू नकोस. सगळं वहीत जातं." भावजींना हसू आलं नाही.

सकाळी त्यांनी दोन्ही जनावरं डॉक्टरांच्या गाडीपुढे बांधली आणि चारचौघांत सगळं सांगितलं. गावातले म्हातारे कोमोरा ओरडले, "लाज सोडलीस काय रे! व्याह्यासाठी गावाचा गळा आवळलास!"

डॉक्टरांचा विश्वास बसेना. "लस दिली की आम्ही कानाला गोल भोक पाडायचो. हिच्या कानाला कुठंय?"

भावजींनी म्हातारीचा कान उलगडला. ती भावजींच्या मामाकडून आमच्यात आली तेव्हा आमच्या कुळाची चीर तिच्या कानाला दिली होती, आणि चीर नेमकी लसीच्या भोकातून गेली होती. कडेला अर्धा गोल तेवढा उरला होता. डॉक्टरांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"आता कालवडीचं रक्त द्या."

भावजींनी स्वतः तिची मान धरली. अल्गी उठून निघून गेले.

आठ दिवसांनी निरोप आला: रक्त स्वच्छ आहे. कळप त्याच दिवशी निघाले. तोवर गावातली चौदा गुरं उपाशी मेली होती, त्यांत आमची दोन. ती कालवड अल्गींनी घेतली नाही. भावजींनी सगळ्यांत जास्त दूध देणारी गाय दिली, मग लग्न झालं. पेटी शेजारच्या गावातल्या गोदाना नावाच्या पोराकडे गेली.

काल गोदाना नळ्या घेऊन आमच्या दारी आला. एका कालवडीकडे बघून त्यानं भावजींना विचारलं, "काका, हिचं वय काय लिहू?"

"तोंड उघड आणि दात बघ," भावजी म्हणाले. "माझ्या शब्दावर लिहू नकोस." आणि त्यांनी कालवडीचा जबडा धरला.