फोन उचलणारी बाई

रोज सकाळी आई गावाहून मिस्ड कॉल देते. मी उचलायचा नाही. ती उठली, बरी आहे, एवढंच त्यातून कळतं. मस्कतच्या लाँड्रीत इस्त्री तापेपर्यंत मी त्या रिंगची वाट बघतो. मी नवं सिम घेतलं, नंबर आईला कळवला आणि तीन दिवस रिंगच नाही. शेवटी मीच फोन लावला.

"तुझ्या खोलीत बाई कोण आहे रे?" आई म्हणाली. "इंग्रजीत बोलते. म्हटलं, बाई, जरा पोराला बोलवा, तर ऐकूनच घेत नाही. वर माझा बॅलन्स खाल्ला."

ती बाई म्हणजे व्हॉइसमेल, न विचारता सिमच्या कंपनीने बसवलेली. माझ्याकडे रिंग वाजायच्या आतच ही फोन उचलायची, आणि आईला लाल बटण सापडेपर्यंत तिचे पैसे कापले जायचे. नववीत शाळा सोडलेल्या मला हे कोण सांगणार? सोबतच्या युसुफभाईंनी दोन मिनिटांत ती बंद करून दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण किळस काही जाईना. म्हातारं माणूस मशीनची विनवणी करतं, आणि त्या विनवणीवरही कुणी कमावतं.

आज फोन वाजला. आईला बटण सापडेपर्यंत वाजत राहिला. मध्ये कुणी तोंड घातलं नाही.